माउंट ल काँटच्या लॉजवर मोसमभर काम: कोणी केलं आहे का?

नेहा_अटलांटा

नमस्कार मंडळी,

जानेवारीत माझी नोकरी गेली. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते, आमची अख्खी टीमच काढली. ग्रीन कार्ड आहे म्हणून व्हिसावाल्यांसारखी साठ दिवसांत नवी नोकरी शोधायची घाई नाही, पण परत तसल्याच खुर्चीत जाऊन बसायची इच्छाही होत नाहीये.

गेल्या वर्षी मैत्रिणीबरोबर टेनेसीतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात माउंट ल काँट हा डोंगर चढले होते, ॲलम केव्हच्या वाटेने. माथ्याच्या जरा खाली लाकडी खोल्यांचं लॉज आहे. रस्ता नाही, वीज नाही, आणि अंगणात चक्क लामा, म्हणजे ते दक्षिण अमेरिकेतले लांब मानेचे, लोकरवाले ओझ्याचे प्राणी, उभे! पाठीवर दोन्ही बाजूंना पडशा, नजर अशी की आपणच त्यांच्या घरात न विचारता शिरलोय. लॉजचं सामान तेच वर आणतात असं कळलं. तिथे मोसमी स्टाफ घेतात, तर अर्ज करावा असं डोक्यात घेतलंय.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "इंजिनिअर होऊन अमेरिकेत धुणीभांडी करायला गेलीस का?" सांगलीहून तिला दुसरं काही दिसणंही शक्य नाही म्हणा. पण खरंच, तिथे दिवस कसा जातो? मी शाकाहारी आहे (अंडं चालतं), त्याचं काय? आणि कामाला राहायचं तर लामांशी जमवून घ्यावं लागतं का? मला गाईचीही भीती वाटते.

-----

सह्यभटक्या

नशीबवान आहात! ल काँटचा माथा ६,५९३ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या वर आणखी हजार-बाराशे फूट. अनुभव शून्य, त्यामुळे उत्तर नाही, उलट एक प्रश्न. हिमालयात मी सगळीकडे खेचरंच पाहिली. एक खेचर सिलिंडर, तांदूळ, तंबू असं सगळं निवांत नेतं. मग तिथे हा उंट-बकरी संकर कशाला? पर्यटकांचे फोटो यावेत म्हणून?

-----

घाटमाथा

नेहा, मी त्या लॉजवर एक मोसम काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पगाराचं इथे लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं कुठल्या चष्म्यातून येतंय ते कळेल. माहेर पाचगणीचं, घरचं छोटं हॉटेल. पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या ताट्या बांधायच्या, मे महिन्यात गाद्या उन्हात घालायच्या, हे लहानपणापासून केलेलं. आता बरीच वर्षं नॉक्सव्हिलला आहे. लेक कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, आणि मी अर्ज केला. वयाची पन्नाशी जवळ आली होती. त्यामुळे "मला जमेल का" हा प्रश्न तू विचारूच नकोस.

तू डोंगरात काम करायला जाणार नाहीयेस. तू हॉटेलात काम करायला जाणार आहेस, ते हॉटेल डोंगरावर आहे एवढंच. रोज रात्री साठेक माणसं मुक्कामाला. तेवढ्यांचं रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, तेवढ्यांच्या गाद्या-उशा-चादरी, तेवढ्यांची भांडी. शिवाय दिवसभर पायी येऊन परत जाणारे, त्यांना सरबत हवं, गरम कोको हवा, डबा हवा, आणि "संडास कुठेय?" हे तर प्रत्येकालाच हवं. मोसम मार्चच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीपर्यंत. तुझ्या आईचं म्हणणं अगदीच चूक नाही. धुणं तेवढं वर होत नाही, ते खाली जातं. भांडी मात्र आहेत. भरपूर आहेत.

कुठल्याही हॉटेलात असतं तेच काम, पण एका गोष्टीने ते वेगळं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे वजन. वर जायला पाच पायवाटा. सगळ्यात जवळची ॲलम केव्ह, तीही पाच मैल. बुलेव्हार्ड आठ मैल. त्यामुळे वर असलेली प्रत्येक वस्तू कोणीतरी, कशावर तरी लादून आणलेली असते. मोसम उघडायच्या आधी हेलिकॉप्टरच्या खेपा होतात: प्रोपेन गॅस, डबाबंद खाणं, पीठ, जे जे जड आणि टिकाऊ ते सगळं. मग उरलेला मोसम लामा, आठवड्यातून तीनदा, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. आणि तिसरी वाहतूक व्यवस्था म्हणजे आपली पाठ. सुट्टीवरून परत येताना स्वतःला जे हवं ते स्वतः आणायचं. दोन महिन्यांत माझी नजर अशी झाली की दुकानात कुठलीही वस्तू उचलली की आधी किंमत नाही, ग्रॅम बघायचे. काचेची बाटली तर हातातच घेत नव्हते.

वर गेलेलं सगळं खालीही जायला हवं, हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. डबा रिकामा झाला की चेपून सपाट करायचा. पुठ्ठा, प्लास्टिक, मळक्या चादरी, अभ्रे, हे सगळं लामांच्याच पाठीवरून उतरतं. म्हणून लामा वर येतात तेव्हा कामाचा खरा जोर त्यांचं ओझं उतरवण्यात नसतो, परतीचं भरण्यात असतो. दोन्ही बाजूंच्या पडशा सारख्या वजनाच्या हव्यात. एक बाजू जड झाली की खोगीर सरकतं, पाठ सोलवटते. आमच्याकडे भाजीवाले पूर्वी तराजूला पासंग लावायचे ना, तशी मी उजव्या पडशीत एक अभ्रा घाल, डाव्या पडशीतून एक डबा काढ, असं करत बसायची. आणि हे सगळं लामा चघळत, आपल्याकडे तुच्छतेने बघत असताना.

सह्यभटक्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते. लामा फोटोसाठी नाहीत. आधी घोडेच होते. १९८६ पासून लामा आले, आणि कारण पाय. घोड्याला खूर, खुराला नाल, वरती घोड्याचं आणि ओझ्याचं वजन. इथे पावसाने मऊ झालेल्या पायवाटेला असा नाल बसला की माती उखडते, मग तिथून पाणी वाहतं, आणि पुढच्या वर्षी त्या जागी ओहोळ. लामाच्या पायाला दोन बोटं आणि खाली मऊ गादी. वजन घोड्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याच्या पायाने वाट फारशी दुखत नाही. खेचर अर्थातच जास्त ओझं नेतं, त्यात वाद नाही. पण हे राष्ट्रीय उद्यान आहे, वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास भेटी देणारे लोक, सगळ्या अमेरिकेत सर्वांत जास्त. वाट टिकली तर लॉज टिकेल, असा तो हिशोब आहे.

लामांची वाट ट्रिलियम गॅपची, साडेसहा मैलांहून थोडी जास्त. खालून सव्वा-दीड मैलावर ग्रोटो फॉल्स आहे, तिथे पायवाट धबधब्याच्या मागून जाते. पाण्याचा पडदा, मागे ओला खडक, आणि त्या फटीतून एकापाठोपाठ एक लामा. हे एकदा तरी बघच. सकाळी निघतात आणि अकराच्या सुमारास वर पोचतात. आमच्या नाश्त्यातले उरलेले पॅनकेक हा त्यांचा हक्काचा खाऊ. पॅनकेक उरले नाहीत त्या दिवशी मला अपराध्यासारखं वाटायचं, इतकी अपेक्षा त्या डोळ्यांत असते.

आता दिवस कसा जातो ते.

नाश्ता आठला, जेवण संध्याकाळी सहाला, एकाच वेळी सगळ्यांना. घंटा वाजली की मंडळी येऊन लांब टेबलांवर बसतात. त्यामुळे स्वयंपाकघरातल्यांची सकाळ अंधारातच सुरू होते. नाश्त्याला पॅनकेक, अंडाभुर्जीसारखी फेटलेली अंडी, बिस्किट म्हणतात ती जाड मऊ पावासारखी गोष्ट, ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, हॅम, कॉफी आणि टँग. हो, तेच नारिंगी टँग! नव्वदच्या दशकात पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवायचो ते. इथे घागरीने पाजतात, कारण भुकटी हलकी असते.

रात्री सूप, बीफ आणि रस्सा, कुस्करलेला बटाटा, घेवड्याच्या शेंगा, शिजवलेली फळं, मक्याचा पाव. रोज हेच. पाहुणे हसतात, पण त्यांना ते एक रात्र खायचं असतं. या मेनूमागे चव नाही, डबा आणि हेलिकॉप्टर आहे. ताजी कोशिंबीर देत नाहीत म्हणून एका बाईंनी माझ्याजवळ तक्रार केली होती. मी त्यांना म्हटलं, लेट्यूस म्हणजे पाणीच, आणि पाणी आमच्याकडे झऱ्याचं आहे, तेवढ्यासाठी लामाला कशाला दमवायचं? त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण नवऱ्याला पटलं.

शाकाहारी पाहुण्यांसाठी आधी कळवलं की वेगळं करतात, आणि स्टाफमध्येही तू एकटी नसशील. तरी तुझी खरी सोय तूच करायची. मी काय न्यायची ते सांगते: मेतकूट, गोडा मसाला, हिंग, सुकं खोबरं, लसणीची चटणी, भाजलेले पोहे. वजनाच्या मानाने सगळ्यात जास्त सुख मेतकूट देतं. मऊ भात, तूप, मेतकूट, बाहेर धुकं. तूरडाळ नेऊ नकोस, निदान कुकरशिवाय नको. त्या उंचीवर पाणी त्र्याण्णव-चौऱ्याण्णव अंशांनाच उकळतं, तूरडाळ नुसती फिरत राहते, आणि गॅस हेलिकॉप्टरने आलेला आहे हे आठवून जीव खालीवर होतो. मूग किंवा मसूर ने.

नाश्ता आटपला की खोल्या. गाद्यांवरच्या चादरी काढायच्या, नव्या घालायच्या, लोकरीची जाड ब्लँकेटं झटकायची, केर काढायचा, प्रत्येक खोलीतलं हाततोंड धुवायचं तसराळं घासून ठेवायचं. पाहुण्यांना शॉवर नाही. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या नळावरून गरम पाणी न्यायचं आणि खोलीत अंग पुसायचं. फ्लशचे संडास मात्र आहेत, त्यामुळे घाबरू नकोस.

आणि कंदील! वीज नसल्यामुळे प्रत्येक खोलीत रॉकेलचा कंदील. आमच्या लहानपणी पाचगणीत पावसाळ्यात चार-चार दिवस वीज जायची, त्यामुळे हे काम माझ्याकडे आपसूक आलं. वात सरळ कापायची, जराही तिरकी राहिली की ज्योत एका बाजूला चढते आणि काच काळी. काच आधी कोरड्या कागदाने, मग फडक्याने. गरम काचेला ओलं फडकं लावलं की तडा, आणि नवी काच म्हणजे पुन्हा लामा. बरोबरच्या कॉलेजच्या मुलांना मी वात कापायला शिकवली. त्या बदल्यात त्यांनी मला बँजो ऐकायला शिकवलं. अजूनही मला सगळी गाणी सारखीच वाटतात.

हवेबद्दल थोडं. ल काँटवर पारा ८० फॅरनहाइटच्या (साधारण २७ सेल्सिअस) वर कधी गेला नाही असं सांगतात. जुलैतही रात्री स्वेटर लागतो. एप्रिलमध्ये बर्फ पडू शकतो, पडतो. पाऊस स्मोकीच्या माथ्यांवर वर्षाला सुमारे ८५ इंच. आता महाबळेश्वरच्या शेजारी वाढलेल्या बाईला ८५ इंचांचं कौतुक सांगू नये, महाबळेश्वरला त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त पडतो. पण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन निघून जातो. हा बारा महिने येत-जात राहतो, आणि मधल्या वेळात ढगच अंगणात बसलेला असतो. मोजे वाळत नाहीत. लोकरीचेच घे, सुती घेऊ नकोस.

अस्वलं आहेत, काळी. उद्यानाचा नियम ५० यार्डांच्या आत जायचं नाही. खाण्याचा कणही उघड्यावर ठेवायचा नाही, त्यामुळे आमचा जास्त वेळ अस्वलांपेक्षा खोलीत चिक्की विसरणाऱ्या पाहुण्यांच्या मागे जायचा. उंदीर मात्र अस्वलांपेक्षा जास्त त्रास देतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी पाटी लावत नाही.

सुट्टी असली की चालत खाली, संपली की चालत वर. "घरी जाऊन येते" म्हणजे एका बाजूने पाच मैल. ॲलम केव्हच्या वाटेवर वरच्या टप्प्यात खडकाला लोखंडी दोर लावलेले आहेत धरायला. गोठलेल्या सकाळी तिथून पाठीवर पोतं घेऊन चढताना मी स्वतःलाच विचारायची, की बाई, तुला कोणी सांगितलं होतं? आणि वर पोचलं की कोणीतरी नवखा पाहुणा विचारतो, "तुम्ही गाडी कुठे लावता?"

मला हे काम आवडलं का? हो. पण सूर्यास्तासाठी नाही. सूर्यास्त पश्चिमेला क्लिफ टॉप्स नावाच्या कड्यावरून दिसतो, आणि त्या वेळी तू भांडी घासत असतेस. आवडलं कारण काम डोळ्यांना दिसतं. घासलेलं पातेलं, घडी घातलेली चादर, भरलेली पडशी. ऑफिसात मी वीस वर्षं नेमकं काय हलवलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. इथे पौंडात सांगता येतं.

एकटं राहण्याची भूक म्हणून जात असशील तर मात्र जाऊ नकोस. दहा-बारा माणसं, एकच स्वयंपाकघर, धुक्याचे सलग दिवस. कोणाचं घोरणं कसं आहे इथपर्यंत सगळं कळतं.

-----

पिट्सबर्गचे_काका

घाटमाथा ताई, फार सुंदर प्रतिसाद. पण बुकिंग मिळतं तरी कसं? आम्ही दोघं सत्तरीच्या आसपास आहोत. सौ.चे गुडघे बोलतात. लामावर बसून जाता येत नाही का?

आणि नेहा, आईचं ऐकू नकोस. आमच्या वेळी मीसुद्धा इथे शिकायला आलो तेव्हा कॅन्टीनमध्ये ताटं विसळली आहेत. आईला ते अजून सांगितलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

-----

डेन्व्हरची_मुग्धा

काका, लामावर मोठ्या माणसाने बसायचं नसतं :) पूर्ण वाढलेला लामा साधारण १३० ते २०० किलोचा, आणि ओझं त्याच्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत. म्हणजे तीस-चाळीस किलो धरा. जास्त घातलं तर तो भांडत नाही, सरळ पाय दुमडून खाली बसतो. मग तुम्ही काय वाट्टेल ते करा.

आमच्याकडे कोलोरॅडोत ट्रेकसाठी लामा भाड्याने मिळतात, आम्ही दोनदा नेले आहेत. नेहा, गाईला घाबरत असशील तरी हे जमेल. शिंगं नाहीत, क्वचितच लाथ मारतात. थुंकतात हे खरं, पण मुख्यतः एकमेकांवर, खाण्यावरून भांडण झालं की. तू मध्ये उभी राहू नकोस म्हणजे झालं. कान मागे चपटे करून मान वर केली की बाजूला हो. बोलतात ते "म्म्म्म" असं नाकातून, गाणं गुणगुणल्यासारखं. आणि एक सोय सांगते जी कोणी सांगत नाही: सगळे मिळून एकाच ठिकाणी लेंड्या टाकतात. वाटेत थांबायच्या जागा त्यांनी ठरवलेल्या असतात, आणि एक थांबला की मागचे सगळे थांबतात.

थोडं अवांतर. मागच्या वर्षी पेरूला गेलो तेव्हा वाटलं होतं, लामांचा देश, इथे तर सगळं त्यांच्याच पाठीवर असणार. माचू पिक्चूच्या प्रसिद्ध इंका ट्रेलवर ओझ्याची जनावरं न्यायलाच बंदी आहे! तिथे तंबू, गॅस, आमची जेवणं, सगळं माणसं वाहत होती, आणि आमच्यापुढे पळत होती. लामा अवशेषांमध्ये गवत खात उभे. मला ते काही पचलं नाही.

-----

सह्यभटक्या

नालाचं आणि वाटेचं गणित पटलं. शब्द मागे घेतो, उंट-बकरीसकट. (उंटाचं कुळ तर खरंच निघालं, आत्ताच वाचलं.)

घाटमाथा, ते लॉज उद्यानाच्या आधीचं की नंतरचं? आपल्याकडे अभयारण्यात नवीन खोली बांधायची म्हटलं तर दहा वर्षं कागद फिरतात.

-----

घाटमाथा

काका, पुढच्या मोसमाच्या खोल्यांसाठी आधी सोडत निघते, तिच्यात नाव घालायचं. नंतर कोणी रद्द केलं की एखादी रात्र मोकळी होते, त्यावर डोळा ठेवायचा. आठवड्याच्या मधल्या रात्री जास्त हाती लागतात. काकूंच्या गुडघ्यांना चढ त्रास देत नाही, उतार देतो. दोन काठ्या घ्या, आणि घाई करू नका. मार्गारेट स्टीव्हनसन म्हणून टेनेसीतल्या एक बाई होत्या, त्या ल काँट ७१८ वेळा चढल्या, आणि बऱ्याचशा फेऱ्या उतारवयातल्या. आम्ही स्टाफवाले जरा कुरकुरलो की कोणीतरी त्यांचं नाव काढायचं, आणि विषय संपायचा.

आणि पाठीवर बसून जायचंच असेल तर त्याचीही परंपरा आहे. लॉज उद्यानाच्या आधीचं आहे, सह्यभटक्या. १९२५ मध्ये पॉल ॲडम्सने तिथे तंबू टाकले, १९२६ पासून जॅक हफने लॉज उभं केलं. उद्यान स्थापन झालं १९३४ मध्ये. या हफच्या आईला माथा बघायचा होता आणि तिला चालवत नव्हतं, तर त्याने एक खुर्ची पाठीला बांधली, आईला तिच्यावर बसवलं आणि डोंगर चढला. फोटो आहे त्याचा. आपल्याकडे श्रावणाची कावड, इथे हफची खुर्ची. त्याने लग्नसुद्धा वरच केलं, मर्टल पॉइंटवर, पहाटे सूर्य उगवताना. वऱ्हाडाचे काय हाल झाले असतील याचा विचार मी कंदील पुसताना पुष्कळदा केला आहे.

आजूबाजूला उभी वाळलेली झाडं दिसतील, ती फ्रेझर फर नावाची सूचिपर्णी झाडं. युरोपातून आलेल्या एका बारीक किडीने मोठी झाडं मारली. पाहुणे वणवा समजतात. वणव्याचं म्हणाल तर २०१६ च्या नोव्हेंबरात पायथ्याच्या गॅटलिनबर्ग गावाला भयंकर आग लागली, चौदा माणसं गेली, पण लॉज वाचलं.

-----

नेहा_अटलांटा

ताई, तुमचा पहिला प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती कंदिलाच्या काचेपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "राखेने पुसली असती तर आणखी लख्ख झाली असती." म्हणजे निम्मी परवानगी मिळाली असं समजते.

अर्ज लिहायला घेतलाय. अनुभवाच्या रकान्यात काय लिहू? टेस्टिंगमध्ये सात वर्षं, ते त्यांना कशाला हवं असेल? आणि तयारी म्हणून काय करू? जिमला जाते तशी, पण तुमचं ते लोखंडी दोरांचं वाचून पोटात गोळा आला. हिवाळ्यात लॉज बंद असतं तेव्हा वर कोणीच नसतं का?

-----

घाटमाथा

राखेचं बरोबर आहे, पण गॅसच्या शेगडीतून राख कुठून आणू? आईंना माझा नमस्कार सांग.

अनुभवाच्या रकान्यात टेस्टिंग दोन ओळीत संपव. कॉलेजच्या मेसमध्ये वाढलं असशील, गणपतीत शंभर माणसांचा महाप्रसाद केला असशील, लहान मुलांची शिबिरं घेतली असशील, ते लिही. मोठ्या पातेल्याची भीती नाही, उशिरापर्यंत उभी राहू शकते, आणि भिजलेल्या, दमलेल्या, चिडलेल्या माणसाशी नीट बोलू शकते, हे दिसायला हवं. संध्याकाळी पाचला पावसात भिजून स्नीकर्स घालून कोणीतरी येतं, नवरा-बायकोचं वाटेत भांडण झालेलं असतं, आणि त्यांना पहिला चेहरा तुझा दिसतो. टेस्टिंगवाल्यांना दुसऱ्याच्या चुका न रागावता सांगायची सवय असते, ते उपयोगी पडेल.

हिवाळ्यात राखणीला माणूस असतो वर. हवामानाच्या नोंदी, बर्फ किती पडला ते रोज मोजणं, छपरं सांभाळणं. ते काम मी केलेलं नाही आणि मला ते झेपलंही नसतं.

तयारीसाठी जिम सोड. पाठपिशवीत तांदळाची पिशवी घाल, पाच किलोपासून सुरू कर आणि जिने चढ. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त कर, मांड्या उतारावर भरतात. लोखंडी दोरांच्या जागी वाट तितकी अरुंद नाही, कोरड्या दिवशी लोक बोलत बोलत जातात. बर्फ असला तर बुटांना लावायचे काटे लागतात, ते मार्चसाठी आत्ताच घे.

-----

नेहा_अटलांटा

तांदळाची पिशवी बाहेर काढली! या शनिवारी ॲलम केव्हने परत एकदा वर जाऊन येते, कोणी भेटलं तर थेट विचारते.

-----

घाटमाथा

शनिवारी जाऊ नकोस गं. ॲलम केव्हच्या पायथ्याला सकाळी सातनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि वर सगळे कामात बुडालेले असतील, कोणी दोन शब्द बोलणार नाही. बुधवारी जा, ट्रिलियम गॅपने. ग्रोटो फॉल्सचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, तो उघडलाय का हे आधी उद्यानाच्या साइटवर बघ. गाडीला पार्किंगचा टॅग लागतो, दिवसाचे ५ डॉलर, पण तू सारखी येणार असशील तर ४० डॉलरचा वर्षाचाच घे.

सकाळी लवकर निघालीस तर लामा वाटेत गाठतील. तेव्हा वाटेच्या कडेला शांत उभी राहा, हात लावू नकोस, आणि पिशवीतलं खाणं बाहेर काढू नकोस. त्यांच्याबरोबरचा माणूस बोलका असतो, पण चढावर नाही. वर पोचून ओझं उतरेपर्यंत थांब, मग विचार. आणि हो, कोणी काही सांगायच्या आत एखादी पडशी उचलायला हात लाव. अर्जात लिहिण्यापेक्षा त्याने जास्त काम होईल.

-----

पिट्सबर्गचे_काका

सोडतीत नाव घातलं. सौ. म्हणतात काठ्या नकोत, खुर्ची बांधा.